सोरायसिस असलेल्यांनो, एकदा कंबर मोजून पाहा

ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात राहणाऱ्या आणि अंगावर सोरायसिसचे चट्टे घेऊन रोज कामाला जाणाऱ्या प्रत्येकासाठी हे आवाहन आहे. त्यांच्या घरच्यांसाठीही आहे. सांगणं एवढंच, की सोरायसिसच्या नावाखाली आपण जी पथ्यं पाळतो त्यांतली बरीचशी उपयोगाची नाहीत, आणि जे खरोखर पाळायला हवं त्याकडे आपलं लक्षच गेलेलं नाही. वांगं सोडलं, दही सोडलं, मासे सोडले, कुणाच्या सांगण्यावरून मीठही सोडलं. पण कंबरेचा घेर मोजला नाही, उपाशीपोटीची साखर तपासली नाही, रक्तदाब पाहिला नाही. चट्टे दिसतात म्हणून त्यांची काळजी वाटते. साखर आणि चरबी दिसत नाहीत, म्हणून त्या आत वाढत राहतात.

सोरायसिस त्वचेवर दिसतो, पण तो त्वचेपुरता नसतो. शरीराची संरक्षण यंत्रणा कारण नसताना चेतते. त्वचेच्या पेशी एरवी साधारण महिनाभरात तयार होऊन झडतात. सोरायसिसमध्ये त्या काही दिवसांतच वर येतात. पुरत्या तयार न झालेल्या पेशींचे थर साचतात, तेच चंदेरी खवले. त्याखाली लाल, सुजलेली कातडी. कोपर, गुडघे, डोकं, पाठीचा खालचा भाग आणि नखं ही त्याची नेहमीची ठिकाणं. अंगात त्याची प्रवृत्ती बहुधा जन्मापासून असते, आणि घशाचा संसर्ग, ताण, जखम, काही औषधं अशा एखाद्या निमित्ताने तो बाहेर पडतो. अस्वच्छतेमुळे तो होत नाही. स्पर्शाने, टॉवेलने, ताटवाटीने किंवा लोकलच्या बाकावर शेजारी बसल्याने तो कुणाला लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २०१४ साली ठराव करून सोरायसिसला गंभीर, दीर्घकाळचा, असंसर्गजन्य आजार मानलं. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ज्या रांगेत आहेत त्याच रांगेत तो आहे, आणि पुष्कळदा त्यांच्यासोबतच येतो.

पोटातली चरबी आणि कातडीवरचे चट्टे

पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साचलेली चरबी सतत काही द्रव्यं रक्तात सोडत असते. त्यांतलं एक टीएनएफ-अल्फा. हेच द्रव्य सोरायसिसच्या चट्ट्यात दाह पेटता ठेवतं, आणि सोरायसिसवरची काही महागडी इंजेक्शनं नेमकं त्यालाच अडवतात. एकीकडे चट्ट्यातला दाह रक्तात उतरतो आणि इन्शुलिनचं काम अवघड करतो. दुसरीकडे पोटातली चरबी त्याच दाहात भर घालते. एकाच विस्तवाला दोन्ही बाजूंनी वारा घातल्यासारखं हे आहे.

म्हणूनच सोरायसिस असलेल्यांत लठ्ठपणा, मधुमेह, रक्तातली वाढलेली चरबी, उच्च रक्तदाब आणि यकृतावरची चरबी इतरांपेक्षा जास्त आढळते. चेन्नईत झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोरायसिसच्या सुमारे ४४ टक्के रुग्णांमध्ये हे बिघाड एकत्र सापडले. सोरायसिस नसलेल्यांत हेच प्रमाण ३० टक्के होतं. हृदयाचंही तसंच. २००६ साली ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा तरुण वयात तीव्र सोरायसिस असलेल्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा बराच जास्त असल्याचं दिसलं. पस्तिशीतल्या माणसाला चट्ट्यांची लाज वाटते आणि तो पूर्ण बाह्यांचा शर्ट शोधतो. त्याने त्याच वेळी छातीच्या आतलीही काळजी घ्यायला हवी.

दिलासा देणारी गोष्टही तितकीच पक्की आहे. इटलीत वजन जास्त असलेल्या सोरायसिसच्या ३०३ रुग्णांचे दोन गट केले गेले. दोन्ही गटांचे औषधोपचार चालूच होते. एका गटाला वजन कमी करण्याचं महत्त्व नुसतं समजावून सांगितलं. दुसऱ्या गटाला ठरवलेला आहार आणि व्यायाम दिला. वीस आठवड्यांनी पहिल्या गटातल्या आजाराची तीव्रता सुमारे २५ टक्क्यांनी घटली होती, दुसऱ्या गटातली ४८ टक्क्यांनी. अमेरिकेतल्या सोरायसिस प्रतिष्ठानच्या तज्ज्ञांनी २०१८ साली आहाराविषयीचे सगळे पुरावे चाळले आणि सर्वांत ठाम शिफारस एकच केली: वजन जास्त असेल तर कमी खाऊन ते उतरवा. ऐंशी किलोच्या माणसाने चार ते आठ किलो उतरवले तरी फरक पडू लागतो. औषधंही हलक्या शरीरात अधिक चांगली लागू पडतात.

यात एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. वजन उतरवून सोरायसिस मुळापासून जात नाही. तो आटोक्यात राहायला मदत होते, चट्टे कमी होऊ शकतात, आणि हृदय, यकृत, साखर यांचं भलं होतं ते वेगळंच. 'मुळापासून बरा करतो' असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांसाठी

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बारीक दिसणाऱ्यांच्या अंगातल्या चरबीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची माणसं हातापायांनी बारीक आणि पोटाने चरबीदार असतात, ही गोष्ट त्या एका फोटोने जगाला दाखवली.

म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका. शिंप्याचा टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता कंबर मोजा. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. त्यासोबत चार आकडे पाहायचे: उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली आहे का, रक्तदाब १३०/८५ च्या खाली आहे का, रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, १५० च्या आत आहेत का, आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या वर आहे का. कंबर धरून या पाचांपैकी तीन बिघडलेले असतील तर डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. एकच बिघडला असला तरी तीच सुधारण्याची सोपी वेळ.

काय सोडू नका

सोरायसिस झाला की पहिला सल्ला येतो विरुद्ध आहाराचा. मासे आणि दूध एकत्र खाल्लं म्हणून हे झालं, असं ठामपणे सांगितलं जातं. त्यामुळे सोरायसिस होतो असं कुठल्या नीट केलेल्या अभ्यासात दिसलेलं नाही. एकत्र खायचं नसेल तर नका खाऊ, पण आजाराचं खापर त्यावर फोडून बाकीचं विसरू नका. वांगं, टोमॅटो, आंबट, दही यांचंही तसंच. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी खाज वाढते असं वाटत असेल तर तो महिनाभर थांबवा, वहीत लिहा, आणि फरक नसेल तर परत सुरू करा.

हे सांगायचं कारण आहे. सगळं सोडता सोडता ताटात उरतं काय? भात, चपाती, बटाटा आणि चहाबरोबर बिस्किटं. डाळ 'जड', अंडी 'गरम', मासे 'वर्ज्य', दूध 'कफकारक'. म्हणजे ज्या प्रथिनांची शरीराला गरज आहे ती गेली, आणि जी साखर-मैदा कमी व्हायला हवी तीच राहिली. असं पथ्य काटेकोरपणे पाळूनही माणसाचं पोट वाढतं, आणि पथ्य पाळलं म्हणून त्याला समाधानही वाटतं. हे थांबायला हवं.

गव्हाचंही ऐकलं असेल. पण गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन सोडल्याचा फायदा त्यांनाच होण्याची शक्यता असते ज्यांच्या रक्ततपासणीत ग्लुटेनचा त्रास दिसतो. तपासणी न करता घरातली चपाती बंद करून महागडी पाकिटं आणायची गरज नाही.

आपल्या रोजच्या दिवसात काय बदलता येईल

या भागातल्या माणसाचा दिवस लोकलच्या वेळेने चालतो. सकाळी चहा-बिस्किट घेऊन धावतपळत गाडी, दुपारी थंड झालेला डबा, संध्याकाळी स्टेशनबाहेर भुकेला वडापाव, घरी पोचेपर्यंत नऊ, जेवण दहाला, झोप बारा वाजता. अशा दिवसाला दूरदेशीचा आहारतक्ता चिकटत नाही. त्यामुळे याच दिवसात बसतील असे बदल करू या.

पहिला बदल चहात. दिवसाचे चार-पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ-दहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की दिवसभराची वरून घातलेली साखर सहा छोट्या चमच्यांच्या आत असेल तर उत्तम. कप दोनवर आणा, चमचा अर्ध्यावर आणा. दोन-तीन आठवड्यांत जिभेला सवय होते. शीतपेयं आणि पाकिटातले ज्यूस घरात आणूच नका.

दुसरा बदल संध्याकाळी सहाचा. स्टेशनवरची भूक ही सहा वाजता काही न खाल्ल्याची असते. डब्यात मूठभर भाजलेले चणे, एखादं फळ, उकडलेलं अंडं किंवा मोड आलेली मटकी न्या आणि गाडीत चढण्याआधी खा. वडापाव कधीतरी खायला हरकत नाही; तो रोजचा आधार होऊ नये. रात्रीचं जेवण त्यामुळे आपोआप हलकं होईल. मिसळ खायचीच तर महिन्यातून एखाद्या वेळी, मित्रांबरोबर मजेत, पाव एक कमी आणि उसळ जास्त.

तिसरा बदल ताटात. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, मासा किंवा अंडं, आणि उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. आगरी-कोळी घरांत मासे रोजचे असतात, ही तर जमेची बाजू. बांगडा आणि तारली स्वस्त आहेत आणि त्यांतली चरबी हृदयाला चांगली. मात्र रोज तेलात तळण्याऐवजी कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात करा. सुक्या मासळीत मीठ भरपूर असतं. रक्तदाब असेल तर ती बेतानेच. पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडून आदिवासी बायका कल्याण-ठाण्याच्या बाजारात शेवळं, टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन येतात. त्या भाज्या घ्या आणि भाजी म्हणून आनंदाने खा. कुणी औषध म्हणून गळ्यात मारलं तरी भाजी ती भाजीच.

चौथा बदल तेलात. महिन्याला किती तेल येतं आणि घरात खाणारे किती, याचा हिशेब घाला. माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास राहायचं ठरवा. एकदा तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

पाचवा उपवासात. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर गोड लस्सी, म्हणजे इतर दिवसांपेक्षा जास्तच. उपवास मनापासून करणाऱ्यांनी तो ताक, काकडी, फळं, थोडे शेंगदाणे, राजगिऱ्याची भाकरी यांवर करावा. महाराष्ट्रात अनेकांनी डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा जेवायची पद्धत धरली. कमी वेळा खाण्याने काहींना वजन उतरवायला सोपं जातं. पण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणं कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते.

दारू आणि तंबाखू यांविषयी मात्र मधला मार्ग नाही. दारूने सोरायसिस भडकू शकतो, औषधं नीट लागू पडत नाहीत, यकृतावर दुहेरी भार येतो. सिगारेट ओढणाऱ्यांत सोरायसिस अधिक आढळतो आणि हृदयाचा धोका तर वाढतोच. दोन्ही सोडा. जमत नसेल तर मदत मागा. त्यात कमीपणा नाही.

आणि चाला. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं पुरेसं आहे. ठाणेकरांना मासुंदा आणि उपवन तलाव आहेत, कल्याणकरांना काळा तलाव आहे. डोंबिवलीत मोकळी जागा कमी पडते हे खरं, पण स्टेशनवरून घरी रिक्षाऐवजी पायी आलं तरी रोजची वीस मिनिटं होतात. पुष्कळ जण चट्टे दिसतील म्हणून सकाळी फिरायला जात नाहीत, पोहणं सोडतात, व्यायामशाळेत पाऊल टाकत नाहीत. त्यामुळे वजन वाढतं, वजनाने चट्टे वाढतात, आणि माणूस आणखी घरात बसतो. हे चक्र तुम्हीच तोडू शकता. अंगभर सुती कपडे घाला, घाम आला की अंघोळ करून लगेच मलम किंवा खोबरेल लावा, आणि बाहेर पडा.

पुड्या, मलमं आणि गोळ्या

'जडीबुटी'च्या नावाने विकल्या जाणाऱ्या, आत काय आहे ते न सांगितलेल्या पुड्या घेऊ नका. अशा पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. आठ दिवसांत चट्टे जातात, माणूस खूश होतो. पण पोटातलं स्टिरॉइड साखर चढवतं, वजन आणि रक्तदाब वाढवतं, हाडं पोखरतं. आणि बंद केलं की सोरायसिस कधी सगळ्या अंगावर, पू भरलेल्या फोडांसह उसळतो. तेव्हा रुग्णालयात भरती करावं लागतं. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या कडक स्टिरॉइड मलमांचंही तेच: काही दिवस डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे ती उपयोगी, वर्षानुवर्षं मनाने लावली तर कातडी पातळ करणारी.

डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचाही वर सांगितलेल्या तपासण्यांशी थेट संबंध आहे. मेथोट्रेक्सेट यकृताला त्रास देऊ शकतं. यकृतावर आधीच चरबी असेल तर धोका जास्त. सायक्लोस्पोरिनने रक्तदाब वाढतो, अॅसिट्रेटिनने ट्रायग्लिसराइड. म्हणजे साखर, चरबी, रक्तदाब, यकृत यांचे आकडे हाताशी असतील तर डॉक्टरांना तुमच्यासाठी योग्य औषध निवडता येतं. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सोरायसिससाठी आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायच्या असतात. चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. घरात कुणी घेत असेल तर तो वार कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि आहार सुधारला म्हणून औषध मनाने बंद करू नका.

सकाळी बोटं किंवा पाठ अर्धा तास आखडलेली राहत असतील, टाच दुखत असेल, एखादं बोट पूर्ण सुजलं असेल, तर ते वयाचं दुखणं समजून सोडू नका. सोरायसिसचा संधिवात असू शकतो, आणि सांधे एकदा झिजले की परत येत नाहीत.

या आठवड्यात एवढं करा

कंबर मोजा आणि आकडा लिहून ठेवा. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, लिपिड आणि यकृताची तपासणी करून घ्या; रक्तदाब पाहा. खाजगी तपासणी परवडत नसेल तर महापालिकेचे दवाखाने आहेतच: कल्याणमध्ये रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय, ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रमही आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. रिपोर्ट घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि 'मला सोरायसिस आहे, माझं हृदय आणि यकृत कसं आहे ते बघा' असं स्वतःहून सांगा. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरच्यांना विनंती अशी की आजारी माणसाचं जेवण वेगळं काढू नका. वर सांगितलेलं ताट घरातल्या सगळ्यांना मानवणारं आहे. सगळ्यांनी तेच खाल्लं तर कुणावर पथ्याचं ओझं राहत नाही. त्याचा टॉवेल बाजूला टाकू नका, मुलांना त्याच्या मांडीवर बसू द्या. लग्नाच्या बोलण्यात सोरायसिस निघाला तर तो लागण होणारा नाही हे तुम्हीच आधी सांगा.

आणि लोकलमध्ये शेजारच्याच्या कोपरावर चट्टे दिसले तर सरकून बसू नका. माणसं टाळली गेली की ती घरात बसतात, दवाखाना टाळतात, पुड्यांच्या मागे लागतात. तुम्ही शेजारी नेहमीसारखे बसलात, तर त्यांना उद्या उपचाराला जायचं धैर्य मिळेल. दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक सोरायसिस दिन पाळतात. त्या दिवसाची वाट कशाला पाहायची? तपासणीला उद्या सकाळीच उपाशीपोटी जाता येईल.